लसूणमाहात्म्य : मात्रेच्या शोधात

लसूण या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करू पाहणाऱ्या संशोधकाची अडचण माहितीच्या तुटवड्यातून नव्हे, तर तिच्या महापुरातून सुरू होते. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेड तालुक्यात असलेल्या ढाणकी या गावी कापूस, सोयाबीन आणि हळद यांच्या भावांविषयी मतभेद होतात, निवडणुकीविषयी तर होतातच होतात. परंतु लसणाच्या औषधी गुणांविषयी मात्र पक्ष, जात, वय आणि उत्पन्न यांच्या भिंती ओलांडून संपूर्ण एकमत आढळते. जिल्ह्याचे ठिकाण लांब आणि पैनगंगेपलीकडचे नांदेड त्या मानाने जवळ, त्यामुळे मोठ्या दुखण्याची वाट बहुधा नांदेडच्या दवाखान्याकडे वळते. पण त्या वाटेला लागण्याआधी जवळपास प्रत्येक दुखण्याला लसणाच्या चौकीवर हजेरी द्यावीच लागते, आणि तिथे निकाल लागला नाही तरच ते पुढे सरकते.

या चौकीचे अधिकारक्षेत्र थक्क करणारे आहे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, सर्दी, पडसे, डांग्या खोकला, गुडघेदुखी, दाढदुखी, कानदुखी, पोटातला वायू, जंत, केसगळती, चामखीळ आणि दृष्ट लागणे एवढी कलमे त्यात निर्विवादपणे येतात, आणि बारकाईने पाहिले असता मानवी देहात लसणाच्या कक्षेबाहेर राहिलेला अवयव मुद्दाम शोधावा लागतो. या साऱ्या उपदेशांत रोगाचे नाव असते, वेळ असते (ती नेहमी सकाळची आणि रिकाम्या पोटाची), ज्याला गुण आला त्या दूरच्या नातेवाइकाचा पत्ताही असतो. नसते ती फक्त मात्रा. औषध म्हणजे द्रव्य अधिक मात्रा, एवढी साधी व्याख्या घेतली, तर लसणाविषयीचे बहुतेक लोकज्ञान अर्धेच औषध ठरते, आणि उरलेला अर्धा भाग शोधणे हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लसणाचे उपदेशक स्थूलमानाने दोन संप्रदायांत विभागता येतात. त्यांपैकी पहिला अनुभववाद्यांचा असून त्याची पीठे पानटपरी, एसटीचा थांबा आणि कटिंगचे दुकान या ठिकाणी आहेत. या संप्रदायात प्रमाण म्हणजे स्वतःचा देह, आणि मोजमाप हे अविश्वासाचे लक्षण मानले जाते. तेथील शास्त्रार्थाचा ठरलेला नमुना पुढीलप्रमाणे असतो :

"बीपीची गोळी चालू हाय का नाही, काका?"

"कायची गोळी! रोज सकाळी दोन कुड्या लसन गिळतो. एकदम फर्स्ट क्लास हाय."

"मोजला का मंग?"

"मोजाचं काय त्याच्यात? मले समजते ना."

या संवादातील शेवटचे वाक्य वैद्यकाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे, कारण वाढलेला रक्तदाब माणसाला बहुतेक वेळा मुळीच समजत नाही, आणि म्हणूनच तो मोजावा लागतो. काकांना जे समजते ते म्हणजे गोळीचे पैसे वाचले एवढेच, आणि तो गुण मात्र लसणाने निश्चितपणे येतो. अर्थात लसणाचा भाव काय आहे यावर तोही अवलंबून असतो.

दुसरा संप्रदाय मोबाइलवाद्यांचा असून त्याचे श्रुतिग्रंथ व्हॉट्सॲपवर अवतीर्ण होतात. पहिल्या संप्रदायाप्रमाणे हा आकड्यांना भीत नाही. उलट लसणात किती क जीवनसत्त्व, किती मँगेनीज, किती ब६ याचे कोष्टकच तो पुढे सरकवतो. कोष्टक खरे असते, फक्त ते शंभर ग्रॅम लसणाचे असते, आणि शंभर ग्रॅम म्हणजे तीस-एक पाकळ्या. शंभर ग्रॅम कच्च्या लसणात साधारण ३१ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे तीन ग्रॅमच्या एका पाकळीतून जेमतेम एक मिलिग्रॅम पदरात पडते. शंभर ग्रॅमच्या एका पेरूत ते दोनशे मिलिग्रॅमहून अधिक असते. तेव्हा बाजारातल्या एका पेरूची बरोबरी करायची झाल्यास गृहस्थाला सुमारे पाऊण किलो लसूण चावून खावा लागेल, आणि तो खाऊन झाल्यावर त्याला जीवनसत्त्वापेक्षा निराळ्या मदतीची गरज भासेल. तरीही कोष्टक पुढे पाठवणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही; पेरूत औषधासारखा वास नसतो, हाच पेरूचा दोष.

लसणाविषयीचा हा भक्तिभाव अलीकडचा नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडवर मजुरांच्या मुळा, कांदा आणि लसूण यांच्या खर्चाचा हिशेब कोरलेला असल्याचे ऐकून तो सोळाशे टॅलेंट चांदी एवढा नोंदवला आहे. भारतापुरते बोलायचे तर लसणाचे सर्वांत भरघोस स्तोत्र ज्या पोथीत आहे ती पोथी एका खुनाच्या तपासातून हाती लागली, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. अँड्र्यू डॅलग्लिश नावाच्या व्यापाऱ्याच्या मारेकऱ्याचा माग काढत मध्य आशियात फिरणारा ब्रिटिश लष्करी अधिकारी हॅमिल्टन बॉवर याला १८९० साली कुचा येथे भूर्जपत्रांवर लिहिलेली एक जुनी पोथी मिळाली. पुढे रुडॉल्फ हर्न्ले या विद्वानाने ती वाचून प्रसिद्ध केली आणि सहाव्या शतकाच्या आसपासची ही 'बॉवर हस्तलिखित' म्हणून ओळखली जाणारी पोथी आज ऑक्सफर्डला आहे. तिच्या पहिल्याच भागात लसूणकल्प येतो, म्हणजे लसूण हे एकच द्रव्य धरून केलेले उपचारांचे सविस्तर विवेचन. हिमालयात हिंडणाऱ्या ऋषींपैकी सुश्रुताला एक अनोळखी वनस्पती दिसते, तो तिच्याविषयी काशिराजाला विचारतो, आणि राजा तिची कुळकथा सांगू लागतो. हिवाळ्यात घरांच्या दर्शनी भागावर लसणाच्या माळा लावून लसणाचा उत्सव करावा, असेही या ग्रंथात सांगितले आहे. ढाणकीच्या किराणा दुकानांत लसणाच्या जुड्या टांगलेल्या दिसतात त्या या परंपरेतल्या नसून उंदरांच्या भीतीने टांगलेल्या असतात, असा खुलासा येथे करणे प्राप्त आहे.

लसणाच्या जन्माविषयी ग्रंथकारांचे एकमत नाही, परंतु जन्म अपघाती होता याविषयी दुमत दिसत नाही. बॉवर पोथीनुसार विष्णूने राहूचे डोके उडवले तेव्हा त्याच्या गळ्यातून अमृताचे थेंब जमिनीवर पडले आणि त्यांतून लसूण उगवला. काश्यपसंहितेच्या मते इंद्राने इंद्राणीला अमृत पाजले असता तिला ढेकर आला, थोडे अमृत नको त्या जागी सांडले, आणि त्याचा लसूण झाला. दोन्ही कथांचे तात्पर्य एकच : गुण अमृताचे, पण वास जागेचा. या तडजोडीमुळे धर्मशास्त्राची मोठीच पंचाईत झाली. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा आणि अळंबी द्विजांना वर्ज्य ठरवली आहेत. म्हणजे एका शास्त्राने ज्याला अमृत म्हटले त्याला दुसऱ्या शास्त्राने स्वयंपाकघराबाहेर ठेवले, आणि संधिवाताने आखडलेल्या शास्त्रीबुवांना या दोहोंमध्ये उभे राहणे प्राप्त झाले.

या पेचातून बॉवर पोथीने काढलेली वाट भारतीय बुद्धिमत्तेच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहावी अशी आहे. एखाद्या गाईला तीन रात्री जवळजवळ गवताविना ठेवावे, मग दोन भाग गवत आणि एक भाग लसणाची पात असे मिश्रण तिला खाऊ घालावे, आणि त्यानंतर तिचे दूध, दही, तूप किंवा ताक ब्राह्मणाने खुशाल घ्यावे. त्यायोगे रोग जातो आणि आचारही राहतो. लसूण खाल्ल्याचे पाप कोणालाच लागत नाही, कारण गाय द्विज नाही. आजच्या औषधाच्या दुकानात मिळणारी 'वास न येणारी' लसणाची कॅप्सूल ही या गाईचीच थेट वारसदार मानली पाहिजे. महाराष्ट्रातही या पेचावर एक खास उपाय आहे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी कुटुंबे आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, दोन्ही पदार्थ पोटभर खाऊन घेतात आणि पुढे चार महिने संयम पाळतात. पावसाळ्यात सर्दी आणि पोटाच्या तक्रारी सर्वांत जास्त असतात, नेमके तेव्हाच सर्दीचे आणि पोटाचे हे सुप्रसिद्ध औषध बंद होते, या विसंगतीकडे कांदाभजी खाताना कोणाचे लक्ष गेल्याचे दिसत नाही.

प्राचीन वैद्यांचा मोठेपणा त्यांनी लसणाची स्तुती केली यात नसून, स्तुतीनंतर त्यांनी तराजू काढला यात आहे. चरकसंहितेच्या गुल्मचिकित्सेत, म्हणजे पोटात गोळा उठण्याच्या विकारावरील उपचारांत, लसणाचे दूध सांगितले आहे; या प्रकाराला पुढे क्षीरपाक म्हणतात, म्हणजे औषधी द्रव्य दूध-पाण्यात उकळून पाणी आटवणे आणि दूध शिल्लक ठेवणे. त्यासाठी सोललेला, वाळलेला लसूण चार पल घ्यावा असे सांगितले आहे, आणि पल आजच्या हिशेबाने ४० ते ४८ ग्रॅमचा धरला, तर ही मात्रा दीडशे ग्रॅमच्या वर जाते. चरकाचा दाखला देऊन एक पाकळी गिळणारा गृहस्थ, त्या हिशेबाने, डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळीचा कोपरा चाटून पाकीट पुन्हा कपाटात ठेवत असतो. याचा अर्थ त्याने उद्यापासून दीडशे ग्रॅम खावा असा मुळीच नाही. चरकाने ती मात्रा विशिष्ट विकारासाठी, विशिष्ट कृतीने आणि वैद्याच्या देखरेखीखाली सांगितली होती, आणि वैद्य समोर बसलेला असे, ग्रुपवर नव्हे.

मात्रेची हीच शिस्त लसुणादी वटीत दिसते. लसूण, जिरे, सैंधव, शुद्ध गंधक, सुंठ, मिरी, पिंपळी आणि हिंग ही द्रव्ये लिंबाच्या रसात खलून केलेली ही गोळी अपचनावर अजूनही दिली जाते, आणि तिचे मूळ लोलिंबराजाच्या 'वैद्यजीवन' या संस्कृत ग्रंथात सांगतात. हा लोलिंबराज परंपरेने जुन्नरचा मानला जातो, आणि त्याच्या ग्रंथाची खासियत अशी की त्यातली औषधे तो आपल्या प्रियेला उद्देशून, शृंगाराने नटलेल्या श्लोकांत सांगतो. अजीर्ण आणि प्रणय यांचा एवढा जवळचा संबंध मराठी मुलखात अन्यत्र कोणी जुळवलेला नाही. आयुर्वेदाने मानलेल्या सहा रसांपैकी, म्हणजे चवींपैकी, पाच लसणात असून एक आंबट तेवढा नाही असे भावप्रकाशात म्हटले आहे; हे लक्षात घेता त्या गोळीला लिंबू पाजणाऱ्याने लसणाच्या संसारातली एकुलती एक उणीवही भरून काढली, असे म्हणावे लागते.

आधुनिक रसायनशास्त्र या वादात १९४४ साली उतरले. त्या वर्षी चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी लसणातला जंतुनाशक पदार्थ वेगळा करून त्याला ॲलिसिन असे नाव दिले. गंमत अशी की अख्ख्या पाकळीत ॲलिसिन जवळजवळ नसतेच. तिच्या पेशींत ॲलिन नावाचे गंधकयुक्त द्रव्य एका कप्प्यात आणि ॲलिनेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, दुसऱ्या कप्प्यात असते. एकाच घरात मधोमध भिंत घालून राहणाऱ्या भाऊबंदांप्रमाणे ही दोन्ही शांत असतात, आणि पाकळी ठेचून ती भिंत पाडली की काही क्षणांत जो तमाशा होतो त्यालाच लसणाचा वास आणि लसणाचा गुण म्हणतात. ॲलिनेज उष्णतेने निकामी होते, आणि जठरातल्या तीव्र आम्लातही त्याचे फारसे चालत नाही. म्हणजे सकाळी रिकाम्या पोटी पाण्याच्या घोटाबरोबर अख्खी पाकळी गिळणारे काका लसणाला भिंत शाबूत ठेवून थेट आम्लात सोडतात, आणि भाऊबंदांची गाठ पडण्याआधीच एकाचा निकाल लागतो.

या शोधाच्या प्रकाशात ढाणकीच्या स्वयंपाकघराची पुनर्तपासणी करणे अपरिहार्य ठरते. ठेच्याची कृती अशी की आधी तव्यावर थोडे तेल सोडून हिरव्या मिरच्या आणि लसूण डाग पडेपर्यंत भाजायचे, मीठ घालायचे, आणि मग तवा खाली उतरवून तांब्याच्या बुडाने ते तव्यावरच रगडायचे. मिरचीचा ठसका शेजारच्या घरापर्यंत जातो, शेजारी खोकून पावती देतो, आणि ज्वारीची भाकरी एकाची दोन होते. चवीच्या शास्त्रात या कृतीला तोड नाही; परंतु औषधाच्या शास्त्रात तिचा क्रम उलटा आहे, कारण आधी उष्णतेने विकर मेले आणि नंतर ठेचण्याचा समारंभ झाला. अंबाडीच्या भाजीवर ओतलेल्या लसणाच्या फोडणीचीही हीच गत आहे. पाकळी तांबूस झाली, घमघमाट सुटला, ॲलिसिन मात्र राहून गेले. या परीक्षेत उत्तीर्ण होते ती फक्त कच्च्या लसणाची चटणी : सोललेल्या पाकळ्या, तिखट आणि मीठ खलबत्त्यात घालून, विस्तवाचा संबंध न येऊ देता कुटायचे, आणि वरून कच्चे तेल घ्यायचे. ज्यांना फोडणीही हवी आणि गुणही हवा त्यांच्यासाठी प्रयोगशाळेने एक तोडगा दिला आहे : लसूण ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवावा, म्हणजे ॲलिसिन तयार होण्याचे काम उरकते, आणि मगच तो तेलात टाकावा. मात्र सून लसूण ठेचून दहा मिनिटे स्वस्थ उभी आहे, हे दृश्य विज्ञानाच्या कारणाने सासूला पटवून देण्याची जबाबदारी कोणत्याही प्रयोगशाळेने अद्याप घेतलेली नाही.

वासाच्या बाबतीत विज्ञानाची बातमी दुहेरी आहे. लसणाच्या पचनातून तयार होणारा ॲलिल मिथिल सल्फाइड नावाचा पदार्थ रक्तात जातो आणि फुप्फुसांवाटे श्वासात, तसेच घामात उतरतो. त्यामुळे दात घासणे, बडीशेप चघळणे आणि तोंडावर रुमाल धरणे हे सारे उपाय वरवरचे ठरतात, कारण वास तोंडात राहतच नसून तो आतून येत असतो. दुसरी बातमी दिलासा देणारी आहे : अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लसणाबरोबर दूध घेतल्यास, त्यातही साय न काढलेले दूध घेतल्यास, श्वासातला वास कमी होतो असे आढळले. क्षीरपाक सांगणाऱ्या वैद्याने हा विचार केला होता की नाही हे सांगता येत नसले, तरी त्याच्या रुग्णाच्या शेजाऱ्यांनी त्याला नक्कीच दुवा दिला असेल.

आता प्रश्न उरतो तो गुणाचा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने थोडे वाढलेले कोलेस्टेरॉल असलेल्या १९२ प्रौढांवर सहा महिने प्रयोग केला आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणाला कच्चा लसूण सँडविचमध्ये घालून, कोणाला लसणाच्या गोळ्या आणि कोणाला नुसत्याच दिखाऊ गोळ्या देण्यात आल्या. मात्रा रोज मोठ्या पाकळीएवढी, म्हणजे चारेक ग्रॅम, आणि आठवड्यातून सहा दिवस. शेवटी 'वाईट' म्हणून ओळखले जाणारे कोलेस्टेरॉल कोणत्याच गटात लक्षणीय उतरले नाही. सँडविच मात्र सगळे संपले. सर्दीविषयी इंग्लंडमध्ये १४६ जणांवर बारा आठवड्यांचा एक प्रयोग झाला असून तो २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात लसणाची कॅप्सूल घेणाऱ्यांना मिळून २४ वेळा आणि दिखाऊ गोळी घेणाऱ्यांना ६५ वेळा सर्दी झाली. निकाल उत्साहवर्धक असला, तरी अशा एकट्या प्रयोगावर विसंबता येत नाही, असे पुढे पुराव्यांचा आढावा घेणाऱ्यांनी बजावले. रक्तदाबाची बाजू त्यातल्या त्यात भक्कम आहे : ज्यांचा रक्तदाब मुळात वाढलेला आहे त्यांच्यात लसणाच्या मोजून-मापून केलेल्या गोळ्यांनी तो काही अंकांनी उतरतो, असे अनेक प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यांत दिसले आहे. काही अंकांनी उतरणे ही चांगली गोष्ट आहे. फक्त १८० ला पोचलेल्या माणसाचे काही अंकांनी भागत नाही. २०२० साली करोना आला तेव्हा लसणाचे भक्त पुन्हा पुढे सरसावले, आणि जागतिक आरोग्य संघटनेला त्याच वर्षी स्वतंत्र खुलासा करावा लागला की लसूण हे आरोग्याला चांगले अन्न आहे, त्यात काही जंतुनाशक गुण असू शकतात, पण त्याने या रोगापासून बचाव होतो असा पुरावा नाही. लसणाविषयीचे इतके समतोल विधान वाचून दोन्ही बाजूंचे लोक नाराज झाले.

मात्रेकडे दुर्लक्ष केल्याचे सर्वांत ठळक परिणाम अंगाबाहेरच्या उपयोगांत दिसतात. लसणाच्या पाकळ्यांची माळ तान्ह्या बाळाच्या गळ्यात घालणे, ओवा आणि लसणाची टरफले निखाऱ्यावर टाकून बाळंतिणीच्या खोलीत धुरी देणे, लसूण कढवलेले तेल कानात घालणे, दुखऱ्या गुडघ्यावर ठेचलेला लसूण रात्रभर बांधणे, या रिती घरोघर माहीत आहेत. त्यामागची माया खरी आहे, हे मान्य करून पुढचे सांगितले पाहिजे : तान्ह्याच्या गळ्यातली माळ गळ्याला आवळू शकते आणि सुटी पाकळी घशात अडकू शकते, नवजाताच्या नाजूक फुप्फुसाला धूर सोसत नाही, कानाचा पडदा फाटलेला असेल तर तेल आत जाऊन दुखणे वाढवते, आणि कच्चा ठेचलेला लसूण कातडीवर तासन्‌तास बांधला तर भाजल्यासारखे फोड येतात. शेवटच्या प्रकारात गुडघेदुखी थोडा वेळ विसरली जाते हे खरे, पण त्याला उपचार म्हणण्याची पद्धत नाही. पोटात घेतलेला लसूणही भरपूर मात्रेत रक्त गोठण्याची क्रिया मंदावतो; त्यामुळे रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत आणि शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी त्या बंद कराव्यात असे सांगितले जाते. आणि येथेच भक्तांच्या तर्कातली गाठ दिसते : जो लसूण औषध म्हणून घ्यायचा, तो औषधासारखा बाधूही शकतो हे मात्र कोणी मानत नाही.

माणसांप्रमाणे पिकांनाही लसणाचा लाभ दिला जातो. वऱ्हाडातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीत गोमूत्र, तंबाखू, हिरवी मिरची, लसूण आणि कडुनिंब उकळून केलेले 'अग्निअस्त्र' किडींवर फवारतात. कपाशीच्या पट्ट्यात या अस्त्राला मान आहे, आणि त्याची कृती सांगणारा शेतकरी किती लिटरला किती लसूण हे न विसरता सांगतो. तात्पर्य, जी मात्रा माणसाच्या पोटासाठी कोणी विचारत नाही ती पंपासाठी तोंडपाठ असते. मात्र गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत दार लावून बसत असल्यामुळे तिच्यापर्यंत लसणाचा वासही पोचत नाही, आणि या बाबतीत ती चातुर्मास पाळणाऱ्या कुटुंबाइतकीच कडक आहे.

खुद्द लसणाची शेती या भागात बेताचीच, घरापुरते दोन वाफे एवढीच असते. पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर येथे कांदा व लसूण यांचे केंद्रीय संशोधन संचालनालय असून त्याने 'भीमा ओंकार' आणि 'भीमा पर्पल' या जाती दिल्या आहेत. तरी बाजारात येणारा बराचसा माल मध्य प्रदेशातला असतो, आणि तिथल्या भावाचे हेलकावे थेट ढाणकीच्या आठवडी बाजारात जाणवतात. २०२२ साली मध्य प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी मातीमोल झालेला लसूण नदीत फेकला, आणि २०२४ साली तोच लसूण किरकोळ बाजारात चारशे रुपये किलोच्या पुढे गेला. कोणताही पदार्थ महागला की त्याचा नकली अवतार निघतो, या न्यायाने ऑगस्ट २०२४ मध्ये अकोल्यात फेरीवाल्याने चक्क सिमेंटचा लसूण विकल्याची बातमी आली. हुबेहूब गड्डा, पण सोलता सोलला जाईना. वैद्यकाच्या इतिहासात एवढे टिकाऊ द्रव्य दुसरे नसेल. तो अख्खा गिळणाऱ्यालाही नेहमीइतकाच गुण आला असता, असे म्हणण्याचा मोह होतो, पण वर वर्णिलेल्या रसायनशास्त्राचा आदर राखून तो आवरणे बरे.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष मांडताना लसणाला त्याच्या भक्तांपासून वाचवणे हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते. ज्या द्रव्याने ज्वारीच्या कोरड्या भाकरीला जेवण केले, निव्वळ चुनाला म्हणजे पिठल्याला चव आणली, आणि ज्या पोटाला दुसरे काही मिळत नव्हते त्याला दोन घास जास्त खायला लावले, त्याचे आरोग्यावरचे उपकार मोठे आहेत आणि ते कोणत्याही प्रयोगाच्या कोष्टकात मावणारे नाहीत. त्याला हृदयरोगतज्ज्ञाच्या खुर्चीत बसवण्याचा आग्रह मात्र अन्यायाचा आहे. तेव्हा वाचकाने लसूण अवश्य खावा, शक्यतो ठेचून आणि थोडा कच्चा खावा, पोटात जळजळ होत असेल तर हात आवरावा; कॅप्सूल घेत असल्यास डॉक्टरांना सांगावे, तान्ह्याच्या कानापासून आणि गळ्यापासून त्याला दूर ठेवावे, आणि गड्डा विकत घेताना तो एकदा सोलून पाहावा. रक्तदाब दवाखान्यात जाऊन मोजावा, आणि डॉक्टरने दिलेली गोळी लसणाच्या भरवशावर बंद करू नये. गोळीच्या पाकिटावर मात्रा लिहिलेली असते. लसणाच्या पाकळीवर ती कोणी लिहीत नाही.